नागपुरातील आदिवासी, भटक्या आणि अल्पसंख्य कुटुंबांतील दिव्यांगांसाठी : दाखल्यापासून अनुदानापर्यंतची वाट

जरीपटक्यातील सिंधी घरातला थॅलेसेमियाचा मुलगा, इंदोऱ्यातील बौद्ध कुटुंबातली सिकलसेलची मुलगी, मोमिनपुऱ्यातला कर्णबधिर कारागीर आणि देवलापारकडून पाठीवर लेकरू घेऊन आलेली गोंड आई, या चौघांनाही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एकच कायदा लागू आहे. अडतात मात्र ते वेगवेगळ्या खिडक्यांवर. एकाचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहिलेले असते, दुसरीचा आजार डोळ्यांना दिसत नाही, तिसऱ्याला विचारलेला प्रश्नच कळत नाही आणि चौथीला कोणीतरी आधी जातीचा दाखला आणायला सांगून परत पाठवलेले असते. उत्तर नागपुरात गेली काही वर्षे अशा कुटुंबांचे अर्ज भरून देताना एक गोष्ट पक्की ध्यानात आली. योजना कोणत्या आहेत हे बहुतेकांना ठाऊक असते. कागद कोणत्या क्रमाने करायचे हे कोणी सांगत नाही, आणि क्रम चुकला की सहा महिने सहज जातात. म्हणून या लेखात योजनांची जंत्री न देता तो क्रम दिला आहे.

पहिल्या दिवशी दोन फायली करा

घरातील सारे कागद एकाच पिशवीत ठेवण्याची सवय असते. त्याऐवजी दोन फायली कराव्यात. पहिली दिव्यांगत्वाची : आधार, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, दवाखान्याचे कागद, तपासण्यांचे अहवाल. दुसरी समाजाची : जातीचा किंवा जमातीचा दाखला, वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, कोतवाल बुकाची (गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, रहिवासाचे जुने पुरावे.

ही विभागणी केवळ टापटिपीसाठी नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जातीचा दाखला लागत नाही. जात वैधता समितीकडे प्रकरण पडून असले तरी वैद्यकीय मंडळाचे काम त्यासाठी थांबू शकत नाही. नागपुरात ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण येथील हलबा कोष्टी आणि गोवारी कुटुंबांची जमातीच्या दाव्याची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. ‘जातीचं मिटू दे, मग बाकीचं बघू’ असे म्हणत या घरांतील दिव्यांग मुलांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. जातीच्या फायलीला तिच्या गतीने चालू द्यावे आणि दिव्यांगत्वाची फाइल आजच पुढे सरकवावी.

नाव एकसारखे करून घेणे

सर्वांत कंटाळवाणा टप्पा हाच आहे आणि सर्वांत जास्त अर्ज येथेच अडकतात. मुस्लिम कुटुंबांत ‘शेख’ एका कागदावर नावाच्या आधी तर दुसऱ्यावर आडनाव म्हणून शेवटी येते. स्त्रियांच्या नावापुढे रेशन कार्डावर ‘बी’, बँकेत ‘बेगम’ आणि आधारवर यांपैकी काहीच नसते. गोंड कुटुंबांत ‘मडावी’चे ‘मरावी’ झालेले असते, आणि ‘उईके’ इंग्रजीत लिहिताना दर वेळी नवे स्पेलिंग घेते. पारधी किंवा मांग गारुडी वस्त्यांत आडनावच शाळेतल्या गुरुजींनी दिलेले असते आणि दोन सख्ख्या भावांची आडनावे निराळी निघतात.

यावर उपाय असा. सर्व कागद जमिनीवर ओळीने मांडावेत आणि नाव, जन्मतारीख, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि पत्ता असे चार रकाने पाडून कोऱ्या कागदावर प्रत्येकातला मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. बहुतेक कागदांवर जे रूप आहे तेच कायम धरावे. नंतर सर्वप्रथम आधार दुरुस्त करावे, कारण दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज, बँक खाते आणि अनुदान हे तिन्ही आधारला जोडलेले आहेत. फरक किरकोळ असेल तर आधार केंद्रात आवश्यक पुरावा दाखवून काम होते; नाव पूर्ण बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची नोंद ऑनलाइन अर्जाने करून घ्यावी. दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, पण प्रत्येक खिडकीवर ते चालेलच असे धरून चालू नये.

ज्यांच्या हातांची बोटे नाहीत किंवा डोळ्यांचा ठसा येत नाही त्यांचीही आधार नोंदणी होते. त्यासाठी जैविक ठशांच्या अपवादाची तरतूद आहे. ‘ठसा येत नाही’ एवढ्यावर परत पाठवले तर ‘अपवाद नोंद करा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

जन्म घरी झाला आणि नोंदच नाही, अशी प्रकरणे भटक्या वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत नेहमीची आहेत. जन्माला एक वर्ष उलटून गेले असल्यास जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२५ पासून राज्यात या प्रकरणांची छाननी कडक झाली आहे, त्यामुळे लसीकरण कार्ड, अंगणवाडीतील नोंद, शाळेचा प्रवेश अर्ज असे लहानसहान पुरावेही जपून जोडावेत. अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरमधली एक ओळ किती उपयोगी पडते हे तिच्याकडे गेल्याशिवाय कळत नाही.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ मानले जाते आणि बहुतेक सवलती तेथून सुरू होतात.

प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ‘स्वावलंबन कार्ड’ या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर करायचा असतो. स्वतः मोबाइलवरून करता येतो किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करून घेता येतो. छायाचित्र, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा जोडल्यावर नोंदणी क्रमांक येतो. तो वहीत लिहून ठेवावा, केंद्रवाल्याच्या मोबाइलवर विसंबू नये. अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. केंद्रवाल्याचा क्रमांक टाकला गेला तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात आणि तो दुकान हलवतो तेव्हा आपले कार्डही हरवल्यासारखेच होते.

रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातले किंवा जेथे उपचार चालू आहेत ते, असे दोन पर्याय नियमांत आहेत. गडचिरोली, गोंदिया किंवा छत्तीसगढमधून उपचारासाठी नागपुरात येऊन राहिलेल्या कुटुंबांनी दुसरा पर्याय लक्षात ठेवावा. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपले ‘मेडिकल’ आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेयो’ ही दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. मिहानमध्ये एम्स आहे आणि मानसिक आजारांसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कोणत्या प्रकाराची तपासणी कोणत्या वारी होते हे आधी विचारून मगच निघावे. रामटेक तालुक्यातल्या मजुराचा एक फुकट हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचे भाडे.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली आहे, आणि दोन वर्षे निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय होतो. म्हणून अर्ज करून स्वस्थ बसू नये. कार्डाचे रंगही आता ठरलेले आहेत : ४० टक्क्यांहून कमी असेल तर पांढरे, ४० ते ७९ टक्के पिवळे, ८० किंवा अधिक निळे. ज्यांच्याकडे जुने ऑनलाइन प्रमाणपत्र आहे त्यांनी तेच जोडून यूडीआयडीसाठी अर्ज करावा. हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. कामासाठी दुसऱ्या राज्यात गेल्यावर ते नव्याने काढावे लागत नाही.

मंडळासमोर भाषा कोणती

कानाची, डोळ्यांची किंवा हाडांची तपासणी यंत्राने होते, तेथे भाषेचा फारसा प्रश्न येत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांत मात्र सारी तपासणीच बोलण्यावर उभी असते. घरी गोंडी, उर्दू, छत्तीसगढी किंवा सिंधी बोलणाऱ्या मुलाला मराठीत प्रश्न विचारले आणि ते गप्प बसले, तर ती गप्पाई आजाराची आहे की भाषेची, हे कागदावरच्या गुणांवरून कळत नाही. चूक दोन्ही बाजूंनी होते. ज्याला दिव्यांगत्व नाही त्याच्यावर शिक्का बसतो. ज्याला आहे त्याची अडचण ‘याला मराठी येत नाही’ या सबबीखाली झाकली जाते.

देवलापार भागातील एका आईबरोबर मी गेलो होतो. मूल सात वर्षांचे. तपासणाऱ्या बाईंनी चित्रांचे पुस्तक उघडून ‘हे काय आहे, बाळा?’ असे प्रेमाने विचारले. मूल आईच्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिले. आईने गोंडीत दोन शब्द उच्चारले तसे त्याने म्हशीच्या चित्रावर बोट ठेवले आणि कुत्र्याच्या चित्राकडे पाहून हसले. पाच मिनिटांपूर्वी त्या दोन्ही चित्रांना शून्य पडले होते. बाई समंजस होत्या. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि आईला मधे बसवून पुन्हा सुरुवात केली. सगळीकडे असे होत नाही.

म्हणून तपासणीच्या आधी पुढील गोष्टी कराव्यात. मुलाची घरची भाषा कोणती आहे हे अर्जासोबत एका कागदावर लिहून द्यावे. दोन्ही भाषा येणारा जाणता नातेवाईक सोबत न्यावा. भावंडाला दुभाषी करू नये, कारण ते प्रश्नाऐवजी उत्तरच सांगून टाकते. शब्दांवर न बेतलेली चाचणी घेता येईल का, अशी विनंती करावी. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनासाठी मुलाने काही बोलण्याची गरज नसते. त्यात पालकांना विचारून मूल जेवते कसे, कपडे घालते का, एकटे दुकानात जाते का, याची नोंद होते. येथे आईने खरे सांगावे. पाहुण्यांसमोर ‘आमचा पोरगा सगळं करते’ म्हणण्याची आपली पद्धत मंडळासमोर नडते. मदतीशिवाय जे होत नाही ते ‘होत नाही’ असेच सांगायचे.

सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. अर्जदार आणि डॉक्टर यांच्यामधला दुवा होणे हेच त्यांचे काम आहे, पण त्यांच्या खोलीकडे फारसे कोणी फिरकत नाही. रांगेत उभे राहण्यापूर्वी त्यांना भेटावे. शहरात केंद्र शासनाचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही आहे. दिव्यांगांसाठी वाचा, श्रवण, फिजिओथेरपी, मानसशास्त्रीय तपासणी अशा सेवा तेथे एकत्र मिळतात आणि त्या अहवालांचा मंडळासमोर उपयोग होतो.

रक्ताचे आजार : न दिसणारे दिव्यांगत्व

या विषयावर थोडे सविस्तर लिहितो, कारण नागपुरात समाज आणि दिव्यांगत्व यांची गाठ येथे सर्वांत घट्ट पडते. सिकलसेल हा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजांत विशेष आढळतो. १९५८ सालीच नागपुरातील डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. थॅलेसेमिया सिंधी समाजात अधिक दिसतो. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाच्या यादीत आले. अनेक कुटुंबांना हे आजही ठाऊक नाही. ‘हात-पाय तर धड आहेत, दिव्यांग कशी?’ हे वाक्य मी एका कार्यालयात एका सिकलसेलच्या मुलीबाबत ऐकले आहे. त्याच्या आदल्याच आठवड्यात ती रात्रभर सांध्यांच्या कळांनी ओरडून दवाखान्यात भरती झाली होती.

प्रथम तपासणी नीट समजून घ्यावी. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. रुग्ण आहे की वाहक (स्वतः आजारी नसला तरी दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने ठरते. अहवालात ‘एएस’ आले तर व्यक्ती वाहक आहे. वाहकाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्याची गरजही नसते. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. आरोग्य केंद्रात त्याबाबत विचारावे.

‘एसएस’ अहवाल हाती आला म्हणजे ४० टक्के मिळालेच असे मात्र नाही. टक्केवारी आजाराच्या तीव्रतेवर ठरते : वेदनेचे झटके किती वेळा आले, किती वेळा भरती व्हावे लागले, रक्त किती वेळा चढवले, कोणत्या अवयवाला इजा झाली. हे सारे कागदावर असावे लागते. येथेच गरीब कुटुंबे मागे पडतात. सुटी होताना मिळालेले कार्ड पावसात भिजते किंवा पुढच्या भेटीला डॉक्टरांकडेच राहते. प्रत्येक सुटीच्या कार्डाची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि एका वहीत तारीख, दवाखाना, किती दिवस राहिलो, किती पिशव्या रक्त चढले एवढ्या चार गोष्टी लिहीत जावे. घरीच सहन केलेल्या वेदनेची नोंद कोठेच होत नाही, म्हणून झटका आला की निदान बाह्यरुग्ण विभागात दाखवून कागद करून घ्यावा.

आणखी एक बारकावा. सिकलसेलच्या रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून सांधा झिजतो आणि माणूस लंगडू लागतो. अशा वेळी मंडळापुढे केवळ रक्ताचा आजार न मांडता अस्थिव्यंगाची तपासणीही मागावी, कारण दोन्हींचा एकत्रित विचार होऊ शकतो. लहानपणी पक्षाघात होऊन गेलेल्या मुलांबाबतही हेच लागू आहे.

थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीतून रक्त विनामूल्य मिळते आणि त्यासाठी बदली रक्तदात्याची अट घालता येत नाही. उपचारासाठी एसटीने जाण्या-येण्यालाही या आजारांपैकी सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत आहे. तिच्या अटी आगारातून समजून घ्याव्यात. इतर दिव्यांगांना एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

घरात लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा मुलीचे कार्ड लपवण्याकडे कल असतो. ‘कार्ड काढलं तर सोयरीक जुळंन का बाप्पा?’ असे मला एका आजीने विचारले होते. कार्डावर गावभर दाखवण्यासारखे काही नसते, ते कपाटात राहते. पण लग्नाआधी दोन्हीकडची रक्ततपासणी टाळली आणि दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. आजीला मी हेच सांगितले. तिला ते पटले की नाही ते कळले नाही, पण अर्जावर अंगठा मात्र तिने नातीच्या शेजारी बसून लावायला लावला.

जातीचा, जमातीचा आणि अल्पसंख्य असल्याचा पुरावा कोठे उपयोगी पडतो

दुसरी फाइल आता उघडायची. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रातील रहिवासाचा जुना पुरावा लागतो आणि त्याच्या तारखा प्रवर्गानुसार वेगळ्या आहेत : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा नेमके कोठे राहत होते हे घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडून आजच लिहून घ्यावे. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. जमातीच्या योजनांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय नागपुरात आहे.

बौद्ध कुटुंबांना दोन्ही दारे उघडी असतात : अनुसूचित जातीचा लाभ १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही मिळतो आणि बौद्ध धर्म अधिसूचित अल्पसंख्य समाजांत आहे. मुस्लिमांतील मोमीन, जुलाहा यांसारख्या विणकर जाती राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. मोमिनपुऱ्यातील कित्येक घरे हा दाखला काढतच नाहीत.

आरक्षणाचा हिशेब नीट समजून घ्यावा. दिव्यांगांचे आरक्षण समांतर असते, म्हणजे दिव्यांग गोंड मुलगी दिव्यांगांच्या जागेवर निवडली गेली तरी तिची गणना अनुसूचित जमातीतच होते. सरकारी नोकरीत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना ४ टक्के, उच्च शिक्षणाच्या सरकारी व अनुदानित संस्थांत ५ टक्के जागा आहेत. केंद्रीय नोकऱ्यांत वयाची सूट दिव्यांगांना १० वर्षे असते. इतर मागासवर्गीय दिव्यांगांना १३ आणि अनुसूचित जाती-जमातींतील दिव्यांगांना १५. अर्ज भरताना दोन्ही रकान्यांत खूण करावी लागते. एकच खूण केली की पुढची सूट हातची जाते आणि नंतर दुरुस्ती सहसा होत नाही.

महिन्याचे पैसे, साधने, शिष्यवृत्ती

संजय गांधी निराधार अनुदान योजना ही बहुतेक घरांची पहिली गरज. तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत अर्ज होतो. दिव्यांगांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, इतरांसाठी ती २१,००० आहे. येथे उत्पन्नाचा दाखला काढताना ‘मर्यादा २१ हजारच’ असे सांगून परत पाठवण्याचे प्रकार घडतात, म्हणून आकडा पाठ असावा. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना १,५०० रुपयांवरून २,५०० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. अर्जदार महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेला असावा ही अट छत्तीसगढी मजूर कुटुंबांना अडचणीची ठरते. जुने रेशन कार्ड, मुलांच्या शाळेच्या नोंदी, मतदार यादीतील नाव यांवरून ती सिद्ध करावी. सिकलसेलचे ‘एसएस’ रुग्णही या योजनेत बसतात. खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे बँकेत जाऊन तपासावे. मंजूर झालेले पैसे दुसऱ्याच विसरलेल्या खात्यात जमा होत राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तीनचाकी, श्रवणयंत्र, कॅलिपर, कुबड्या यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळते. तेच साधन तीन वर्षांत पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे. शिबिरात घाईने चुकीच्या मापाचे साधन घेऊन पुढची तीन वर्षे अडकून पडू नये. घरासमोर बोळ असेल तर मोठी तीनचाकी दारातच पडून राहते. बोळाची रुंदी मोजून न्यावी.

महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. शहरात महापालिकेच्या समाज विकास विभागात, ग्रामीण भागात ग्रामसेवकाकडे आणि जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागात चौकशी करावी. ग्रामपंचायतीत दिव्यांगांच्या नोंदवहीत नाव आहे का, हे आधी पाहावे; नाव नसेल तर निधी वाटताना आपली आठवण कोणाला होत नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर होतात. जमातीची, अल्पसंख्याकांची आणि दिव्यांगांची अशा शिष्यवृत्त्या एकाच शिक्षणासाठी सहसा एकत्र घेता येत नाहीत, त्यामुळे रकमांची तुलना करून एक निवडावी. परीक्षेत लेखनिक आणि ताशी २० मिनिटे जादा वेळ यांसाठी मात्र वेगळा अर्ज शाळेमार्फत करावा लागतो, आणि तो परीक्षेच्या आठवड्यात करून चालत नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे; वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीही येतात. आधीपासून आजार आहे म्हणून नाकारले जात नाही. याच चार प्रकारांत मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक खाते, वारसा, जमिनीतला हिस्सा यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. आदिवासी कुटुंबात जमीन असेल तर हे काम टाळू नये. आई-वडिलांमागे भाऊबंदांत वाटणी होते तेव्हा न बोलणाऱ्या मुलाचा हिस्सा सर्वांत आधी गायब होतो.

नकार मिळाला तर

तोंडी नकार घेऊ नये. ‘जे काही कारण आहे ते लिहून द्या’ असे नम्रपणे म्हणावे आणि मिळत नसेल तर आपला अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. या शिक्क्याशिवाय पुढची कोणतीच पायरी चढता येत नाही. टक्केवारी कमी वाटली तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. अपिलात रागाचा मजकूर न लिहिता कोणता अहवाल विचारात घेतला गेला नाही एवढेच लिहावे. उत्पन्न किंवा जातीचा दाखला मुदतीत मिळाला नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार आधी कार्यालयातच पहिले आणि दुसरे अपील, नंतर आयोगाकडे तिसरे. दिव्यांगत्वाच्या हक्कांबाबत राज्य दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला लेखी तक्रार पाठवता येते.

वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी मदत क्रमांक १५१०० आहे. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमोर जाणूनबुजून अपमानित करणे हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. मनावरचा ताण असह्य झाला तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

सारे मंजूर झाल्यावरही दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवाव्यात. एक, प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची. नूतनीकरणाचा अर्ज त्याच दिवशी करायचा. दुसरी, संजय गांधीच्या वार्षिक हयात तपासणीची. हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही की अनुदान बंद होते, आणि ते पुन्हा सुरू करताना तहसीलमध्ये पहिला प्रश्न असा येतो की आधारवर नाव असे का आणि पासबुकावर तसे का.